कायच न्हाई म्हणलात, अप्पा

अप्पा, तुम्ही भांडण अर्धं टाकून गेलात, तेच आधी काढते. ही तुमची जुनी खोड. वाद अंगाशी यायला लागला की "चल, पेशंट आलाय" म्हणून उठायचं. पंचवीस वर्षं मी ते खपवून घेतलं. आता उठून जायला तुम्ही खुर्चीतच नाही, तेव्हा ऐकूनच घ्यावं लागेल.

वीस दिवस झाले. अहमदपूरच्या दवाखान्याच्या दारावर रशीदभाईंनी खडूनं लिहून ठेवलंय, "डॉक्टर नाहीत." तुमच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून त्या माणसाचे केस पिकले, पण त्यांना याहून जास्त काही लिहवलं नाही. लांबच्या खेड्यांवरून येणाऱ्या लोकांना ते रोजच्यासारखंच वाटतं. पायरीवर बसून राहतात. परवा एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कधी येणार हायेत सायेब?" मी म्हणाले, "बघू." बघू म्हणाले मी. वाईट बातमी कशी सांगायची ते तुम्हीच शिकवलं होतं, खुर्ची ओढून, समोर बसून, नजर न चुकवता. तुमची बातमी मात्र मी उभ्या उभ्या चुकवली आणि गाडीत जाऊन बसले.

आपली पहिली भेट तुम्ही दरवेळी वेगळी सांगायचात आणि दरवेळी त्यात मी थोडी जास्त मूर्ख असायचे. जे झालं ते असं होतं. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या कॉलेजातून आम्हा इंटर्न लोकांची बस किल्लारीच्या बाजूला निघाली. मी कंधारच्या मास्तरांची मुलगी, तेवीस वर्षांची. पुस्तकं पाठ होती आणि माणसं अजून वाचायची होती. एका तंबूत मला बसवलं. समोर रांग. विचारायचं, बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि पुढचा घ्यायचा. तुम्ही कुणी न बोलावता अहमदपूरहून तुमची जीप, औषधांची ट्रंक आणि रशीदभाईंना घेऊन आला होतात. मला वाटलं, असेल कुणी तालुक्याचा डॉक्टर, मिरवायला आलेला.

तंबूच्या खांबाला टेकून एक आजी बसली होती. मांडीवर नात, तिचा हात मोडलेला. मी विचारलं, "आजी, तुम्हाला काय होतंय?" ती म्हणाली, "मला कायच न्हाई, माय. हिला बघ." मी नातीचा हात बांधला, आजीच्या चिठ्ठीवर "ठीक" लिहिलं आणि पुढं सरकले. तुम्ही माझ्या मागनं आलात, आजीपुढं उकिडवे बसलात, तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत राहिलात. काही विचारलं नाही. एक मिनिट. पूर्ण एक मिनिट, अप्पा, आणि मागं शंभर माणसांची रांग. मला इतका राग आला होता तुमचा. मग तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "रशीद, जीप वळव."

तिच्या पोटात आतल्या आत रक्त झिरपत होतं. लातूरला ऑपरेशन झालं आणि ती वाचली. पुढच्या संक्रांतीला फडक्यात तिळाचे लाडू बांधून ती दवाखान्यात आली, तेव्हा मी तिथंच होते. पण त्या दिवशी तंबूत तुम्ही माझी "ठीक" लिहिलेली चिठ्ठी फाडली नाहीत की मला बोललातही नाहीत. चिठ्ठीची घडी करून माझ्याच एप्रनच्या खिशात घातलीत. ती अजून आहे माझ्याकडं. संध्याकाळी चहा पिताना एवढंच म्हणालात, "मास्तरीण, आपल्याकडचा माणूस लई दुखतंय म्हणून ओरडून राहिला तर त्याला जरा थांबवलं तरी चालतं. कायच न्हाई म्हणला की आधी त्याचा हात धरायचा."

मी शहाणपणा केला. म्हणाले, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तरी नाडी तेवढीच येते. तुम्ही म्हणालात, "नाडी येती. माणूस येत न्हाई."

इंटर्नशिप संपल्यावर मी नांदेडला थांबेन असं घरच्यांना वाटत होतं. मी अहमदपूरची एसटी पकडली. अडीच वर्षं तुमच्या दवाखान्यात काढली. काय शिकले म्हणून कुणी विचारलं तर सांगायला फार नाही. दुपारी अक्का जेवायला हाक मारायच्या. उदगीरचं कानडी बोलणारं माहेर, म्हणून सगळं गाव तुमच्या बायकोला अक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागले. त्या ताट वाढायच्या, भाकरी गार व्हायची आणि तुम्ही कुणाचं तरी मनगट धरून बसलेले असायचात. "लोकायचे हात धरून धरून यायला भाकरी मोडायला हात ऱ्हाईना," असं म्हणत अक्का ताट परत झाकायच्या. तेव्हा आम्ही दोघी हसायचो.

आणि तुमचा तो फोन. खेड्यावरून कुणी एसटीडी बूथवरून फोन करायचं, सायेब, बापाला ताप हाय, गोळी सांगा. तुमचं उत्तर ठरलेलं. "आण त्याला. आणता येत नसंल तर मी येतो." आणि खरंच जायचात, लोह्याच्या अलीकडच्या वस्त्यांपर्यंत, त्या खटारा जीपमधून. तुम्ही गाडी इतकी वाईट चालवायचात की पेशंटआधी आपल्यालाच दवाखान्यात न्यावं लागेल असं रशीदभाई म्हणायचे. मी म्हणायचे, एक गोळी सांगायला काय जातंय? तुम्ही म्हणायचात, फोनला मनगट नसतंय.

मग माझं लग्न झालं, लातूरला गेले, क्लिनिक टाकलं. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा पेशंट. नंतर लातूरला क्लासेसचं जे पीक आलं ते तुम्ही बघितलंच. आमच्या गल्लीत आधी एक, मग चार, मग घराघराच्या वर होस्टेल. हिंगोली, परभणी, लोहा, देगलूर, कुठनं कुठनं लेकरं. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं. माझ्या बाकावर तीच बसायला लागली. डोकं दुखतंय, पोटात कळ येते, झोप येत नाही, रविवारी टेस्ट हाय, कायतरी द्या मॅडम. दोन मिनिटांत एक. गावाकडून आयांचे फोन यायचे, मी फोनवरच गोळी सांगायचे. हो, सांगायचे. तुमच्यापुढं लपवलं नाही कधी.

हेच आपलं भांडण. दिवाळीनंतर तुम्ही लातूरला आलात आणि आगाऊ काही न कळवता माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बसलात. बाकड्यावर, पेशंटांमध्ये. तासभर नुसतं बघत होतात. मग लोह्याची एक मुलगी आत आली, सतरा वर्षांची, केस घट्ट बांधलेले. मी विचारलं, काय होतंय. म्हणाली, "कायच न्हाई मॅडम, जरा डोकं." मी पेन उचललं. तुम्ही मागनं आलात आणि तिचं मनगट धरलंत.

अर्ध्या मिनिटानं ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. नाक ओढत, पुस्तकांची बॅग तशीच मांडीवर धरून. चार दिवस तिनं डब्यातली एक चपाती सोडून काही खाल्लं नव्हतं, रात्रंदिवस डोळा लागत नव्हता, आणि मन कुठल्या थराला गेलं होतं ते तिनं तुम्हाला सांगितलं. मला नाही. मी तिला त्याआधी तीनदा तपासलं होतं. तुम्ही तिच्या वडलांना बोलावून घेतलंत. ते लोह्याहून आले आणि तिला घेऊन गेले.

मला तुमचे उपकार मानायला हवे होते. मी तुम्हाला स्टँडवर सोडताना गाडीत भांडले. "बाहेर पस्तीस लेकरं बसली होती, अप्पा."

"मग पस्तीस हात."

"तुमच्या अहमदपुरात जमतं ते. इथं रांग रस्त्यावर जाते. मला घर आहे, लेकरं आहेत. एकेकाचा हात धरून बसले तर मध्यरात्र होईल."

"मग कमी बघ."

"आणि उरलेली कुठं जातील? दुसरीकडं जातील, जिथं दोन मिनिटंही मिळत नाहीत."

  तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मग स्टँड आलं आणि तुम्ही म्हणालात, "चल, गाडी लागली." गाडी लागलेली नव्हती. फलाटावर कुत्रं झोपलं होतं. मी तशीच क्लिनिककडं वळले. पुढं दीड महिना तुम्ही फोन केला नाही आणि मीही केला नाही. आपण दोघंही सारखेच अडेलतट्टू.

आणि मग त्या सोमवारी सकाळी सव्वादहाला तुमचा फोन.

रविवारच्या टेस्टनंतरचा दिवस होता, बाक भरलेला. तुमचं नाव बघून मला वाटलं, भांडण पुढं चालू करायला फोन केलाय. तुम्ही म्हणालात, "कामात हायेस का?" पंचवीस वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं तुम्ही. तिथंच मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, बोला.

"कायच न्हाई गं. जरा जळजळून राहिलंय. काल भजी खाल्ली. ती नवी गोळी कोणती म्हणत होतीस तू, उपाशीपोटी घ्यायची?"

अप्पा, मी हसले. म्हणाले, "फोनवर औषध मागताय? नियम कुठं गेला तुमचा?"

तुम्ही म्हणालात, "हाव. हरलो बघ."

मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं ते खरं. जिंकल्यासारखं वाटलं मला. मी गोळी सांगितली, दोनदा सांगितली. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवला नाहीत. मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, "आणखी काही?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. कर तू काम." समोरच्या पोराची चिठ्ठी मी तोपर्यंत अर्धी लिहिली होती.

तो फोन एक मिनिट चार सेकंदांचा आहे. मोबाईलमध्ये नोंद आहे, मी रोज बघते. पूर्ण एक मिनिट तुम्ही माझ्या हातात होतात.

साडेबाराला रशीदभाईंचा फोन आला. ते नीट बोललेच नाहीत, नुसतं "मॅडम, सायेब" म्हणत राहिले. तुम्ही बेसिनपाशी पडलात. हार्ट. नांदेडला नेताना लोह्याच्याही अलीकडं सगळं संपलं. ज्या रस्त्यावर तुम्ही लोकांचे हात धरायला जायचात, त्याच रस्त्यावर.

माझ्या शेजारच्या खोलीत ईसीजीचं मशीन आहे. रोज दहा लोकांचा काढते. छातीत जळजळ म्हणणारा पन्नाशीपुढचा माणूस मी ईसीजीशिवाय घरी पाठवत नाही. हे तुम्हीच शिकवलेलं. कुणी परका बाप्या फोनवर हेच बोलला असता, तर मी त्याला म्हणाले असते, आहे तसा ऊठ आणि गाडीत बस. तुम्हाला म्हणाले नाही, कारण तुम्ही तुम्ही होतात. तुम्हाला कळतंच असणार, असं धरून चालले. आणि तुम्हाला कळत होतं का, अप्पा? एवढंच मला सांगा. चाळीस वर्षं जळजळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही संशयानं बघितलंत. मग गोळी विचारायलाच फोन केला होतात, की मी ओळखेन म्हणून? डॉक्टर डॉक्टरला असंच विचारतो, भीती वाटतेय असं म्हणत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. दोन्हीकडून वाट बंद होते.

मी पोचले तेव्हा तुम्हाला दवाखान्यापुढच्या अंगणात बसवलं होतं. तुमच्यात समाधी देतात, माणसाला बसवून, हे मला माहीत होतं. पण तुम्हाला तसं बघायची माझी तयारी नव्हती. कपाळभर भस्म, गळ्यात बेलाचा हार, डावा हात मांडीवर, तळहात वर, त्यावर इष्टलिंग ठेवलेलं. मनगट उघडं. नाडी बघायला पेशंट हात पुढं करतो ना, तसा. स्वामी मंत्र म्हणत होते, लोकांची रीघ लागली होती, आणि मला फक्त ते मनगट दिसत होतं. पुढं होऊन ते धरावं असं इतकं वाटलं की मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आता धरून काय सापडणार होतं? जेव्हा सापडलं असतं तेव्हा मी पंच्याहत्तर किलोमीटरवर बसून चिठ्ठी लिहीत होते.

बायका अक्काला विचारत होत्या, काही होत होतं का सकाळी? अक्का म्हणत होत्या, "कायच न्हाई म्हणले." मी चार हातांवर उभी होते. मला फोन आला होता हे मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दोनदा लातूरहून एवढंच सांगायला आले. एकदा अंगणातून परत फिरले, एकदा त्या म्हाताऱ्याला "बघू" म्हणून पळाले. अक्कानं मला लेकीसारखं सांभाळलंय. "तुमच्या माणसानं शेवटचा फोन मला केला होता आणि मी त्याला ॲसिडिटीची गोळी सांगितली" हे वाक्य त्यांच्यापुढं कसं ठेवायचं ते तुम्ही कुठं शिकवलंत? खरं म्हणजे अक्कांना सगळं कळलं तर पुन्हा या दारात पाय ठेवता येणार नाही, ही भीती होती. खोटं कशाला बोलू.

दरम्यान मी लातूरला तुमचा नियम पाळायला घेतला. तुम्ही गेल्यावर पहिल्या सोमवारपासून प्रत्येकाचा हात, पूर्ण एक मिनिट. पहिल्या दिवशी रांग रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी लेकरं कंटाळून उठून गेली, त्यांना क्लास होता. तिसऱ्या दिवशी मी परत पंधरा सेकंदांवर आले आणि चारनं गुणायला लागले. तुम्हाला वाटेल, सुधारली असेल. नाही सुधारले. माझ्याच्यानं होत नाही, अप्पा.

काल तिसऱ्यांदा गेले. गाडी नेली नाही, एसटीनं गेले, म्हणजे लगेच परत फिरता येऊ नये. अकराला अक्का तुमच्या तपासायच्या खोलीत होत्या. तुमची खुर्ची पुसून स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसल्या होत्या. बारीक झाल्यात. मला बघून म्हणाल्या, "आलीस? जेवलीस का?" मी समोर बसले.  त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"काय होऊन राहिलंय गं तुला? किती वाळलीस."

मी म्हणाले, "कायच नाही, अक्का."

अक्कानं पदराला हात पुसले आणि माझं मनगट धरलं. अंगठ्यानं धरलं, तेही भलत्याच जागी. तुम्ही रागावला असता. आणि त्या भिंतीवरच्या तुमच्या घड्याळाकडं बघायला लागल्या. त्यांना मोजता येत नाही, नाडी कुठं असते ते माहीत नाही. पण तोंड बंद करून बघायचं असतं एवढं माहीत होतं.

अर्धं मिनिटही निघालं नाही माझं. मी सगळं सांगितलं. सव्वादहा, भजी, गोळी, मी हसले ते, तुम्ही हरलो म्हणालात ते. सांगून झाल्यावर वाटलं, आता हात सोडतील. सोडला नाही.

म्हणाल्या, "मला बी तसंच म्हणले. अंघोळ करून आले अन् छाती चोळून राहिले होते. मी इचारलं, काय होतंय. म्हणले, कायच न्हाई, पोहे टाक. मी पोहे टाकले." घड्याळावरची नजर त्यांनी काढली नाही. "चाळीस वर्ष ह्याच खोलीच्या दारातून बघितलं मी त्यायला, लोकायचे हात धरताना. आपल्या माणसाचा एकदा धरावा, हे मला सुचलंच न्हाई बघ."

 तुमची गुन्हेगार मी एकटी नाही, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जड झालं. तुमच्याजवळ दोन बायका होत्या. एक शिकवलेली, एक रोज बघणारी. दोघींना तुम्ही एकच वाक्य सांगितलंत, आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही हे साऱ्या मुलखाला तुम्हीच सांगत फिरला होतात.

मग मी अक्काचं दुसरं मनगट धरलं. नाडी बारीक होती, जरा जलद. बाहेर पायरीवर कुणीतरी खोकत होतं, रशीदभाई कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, आज न्हाई, आज न्हाई. आम्ही दोघी तशाच बसलो. घड्याळात काटा किती वेळा फिरून आला ते मी बघितलं नाही.

अक्कानं विचारलं, "झालं का गं मिनिट?"

घड्याळात बारा वाजून गेले होते.

मी म्हणाले, "नाही अजून, अक्का."